कीड नियंत्रण वही

सर निवृत्त झाले त्याला तीन वर्षं होत आली होती, पण ते निवृत्त झालेत हे अजून त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता समोर वर्ग उरला नाही म्हणून जो हाती लागेल त्याला शिकवायचे. दूधवाल्याला दूध उतू का जातं ते सांगून झालं होतं. गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ज्वलनाला प्राणवायू लागतो हे सांगून झालं होतं, आणि त्या बिचाऱ्याने ते तोंड वर न करता ऐकूनही घेतलं होतं. बायको दवाखान्यात परिचारिका होती, त्यामुळे सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. आयुष्यभर डॉक्टरांचं ऐकून घेण्याची सवय असल्यामुळे सरांशी संसार करणं तिला फारसं जड गेलं नाही. कानांनी ऐकायचं, तोंडाने "हं" म्हणायचं आणि हातांनी आपल्याला हवं तेच करायचं, हे तिचं साधं औषध होतं.

या सुखी घराला एकच ठसठस होती, ती म्हणजे टिकली.

टिकली ही त्यांची नात. वय वर्षं सात, आणि मत मात्र सत्तर वर्षांच्या माणसासारखं ठाम. मागच्या सुट्टीत लेकीने तिला महिनाभर म्हणून आणून सोडलं होतं. ती चार दिवस राहिली. चौथ्या दिवशी तिने आईला फोन लावला आणि शेजारी सर बसलेले असताना खणखणीत आवाजात सांगितलं, "आई, मला त्या आजोबांकडे जायचंय. हे आजोबा सारखे शिकवतात."

त्या आजोबांकडे, म्हणजे टिकलीच्या वडिलांच्या वडिलांकडे, एक कुत्रा होता. बाकी ते गृहस्थ साधे बँकेतले कारकून. शिक्षण बेताचं, वाचन त्याहून बेताचं. पण कुत्रा होता. सर लेकीला म्हणाले, "जाऊ दे तिला. हल्लीच्या मुलांत एकाग्रताच राहिली नाही." आणि मग दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. आपण एका कुत्र्यापेक्षा कमी गुण मिळवून नापास झालो, हे त्यांना फार लागलं होतं.

यंदा त्यांनी ठरवलं, कुत्र्याला उत्तर द्यायचं. फेब्रुवारीतच फोनवर त्यांनी जाहीर केलं, "टिकले, या वर्षी आमच्या बागेत फुलपाखरंच फुलपाखरं असणार."

"किती?"

"मोजता येणार नाहीत इतकी."

"मग मी महिनाभर राहीन," टिकली म्हणाली. "पण नसली तर नाही राहणार."

अट सरळ होती. सरांनी लगेच मागच्या अंगणात आखणी सुरू केली. अंगण म्हणजे दोन खाटा मावतील एवढी जमीन, पण सरांनी तिचे सुतळी बांधून सात विभाग पाडले. प्रत्येक विभागाला पाटी. झेंडूची पाटी, सदाफुलीची पाटी, झिनियाची पाटी, सूर्यफुलाची पाटी. रोपं बोटभर उंचीची आणि पाट्या वीतभर, त्यामुळे पहिले काही दिवस बागेत पाट्यांचंच पीक आलं होतं. एका कोपऱ्यात सिस्टरच्या भेंड्या, मिरच्या आणि टोमॅटो होते. त्यांना पाटी नव्हती. भेंडीला आपण भेंडी आहोत हे सांगावं लागत नाही, असं सिस्टरचं मत होतं. कुंपणाला लागून लिंबाची तीन झाडं होती. ती घर घेतलं तेव्हापासूनची. त्यांना कुणी लावलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

एप्रिलपर्यंत फुलं मात्र खरंच फुलली. ऊन डोळ्यांत खुपेल असं, तरी सर डोक्यावर ओला पंचा टाकून सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालत. केशरी, गुलाबी, पिवळं, पांढरं असं अंगण दिसायला लागलं. सरांनी फुलपाखरांसाठी एका बशीत साखरेचं पाणी ठेवलं. ते मुंग्यांनी प्यायलं. मग पिकलेल्या केळ्याच्या चकत्या ठेवल्या. त्या खारीने खाल्ल्या आणि उरलेल्या माश्यांनी. फुलपाखरं येत नव्हती असं नाही. येत. काळी-पिवळी, मोठ्या पंखांची, फडफडत येत, फुलांवर क्षणभर टेकत, मग लिंबाच्या झाडांभोवती घुटमळत आणि निघून जात. एक-दोन, फार तर तीन. मोजता न येण्याइतकी तर सोडाच, बोटांवर मोजली तरी बोटं उरत होती.

त्याहून संतापजनक गोष्ट कुंपणापलीकडे होती. पलीकडे टेलरबाई राहायच्या. त्यांचं मशीन सकाळी आठला सुरू व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. बागेकडे बघायला त्यांना सवड नव्हती, त्यामुळे त्यांच्या अंगणात बाग नव्हतीच. नुसतं रान होतं. कमरेएवढं गवत, घाणेरीची झुडपं, एक वेडंवाकडं लिंबाचं झाड आणि मध्येच शिवणातले चिंध्यांचे तुकडे. आणि त्या रानात फुलपाखरांचा बाजार भरलेला.

"बघा," सर सिस्टरला म्हणाले, "निसर्गालाही आता शिस्तीची आवड राहिली नाही."

"हं," सिस्टर म्हणाली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. सरांच्या लिंबाला कीड लागली होती. पानांवर चिमणीच्या शिटेसारखे काळपट-पांढरे ठिपके दिसायचे, आणि जवळून बघितलं की ते ठिपके पान कुरतडत असायचे. चार दिवसांत पानाची नुसती शीर उरायची. सर चिडले. त्यांच्या बागेत, त्यांच्या डोळ्यांदेखत कुणीतरी नियमाविरुद्ध खातंय! त्यांनी प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या दिवशी आणलेला लांब चिमटा काढला, एका डब्यात साबणाचं पाणी केलं आणि रोज सकाळी सहा वाजता मोहीम सुरू केली. पान उलटायचं, चिमटा लावायचा, डब्यात टाकायचं. मग जाड पुठ्ठ्याच्या वहीत तारीख, झाड क्रमांक, संख्या आणि शेरा. वहीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं: कीड नियंत्रण. शेऱ्यात 'लहान, शिटेसारखी', 'मोठी, हिरवी', 'डिवचल्यास डोक्यातून नारिंगी शिंगं काढते, दर्प येतो, अत्यंत उपद्रवी' असं सगळं शास्त्रशुद्ध.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सिस्टर मिरच्या तोडता तोडता म्हणाली होती, "अहो, सगळ्या नका काढू. थोड्या राहू देत की. मला वाटतं त्यांचंच पुढे..."

"तुला वाटतं," सर म्हणाले, "आणि मला माहीत आहे. रुग्णाला ताप असतो तेव्हा थोडा राहू देता का तुम्ही?"

सिस्टरने "हं" म्हटलं आणि मिरच्या घेऊन आत गेली.

बत्तीस वर्षं दर वर्षी सरांनी फळ्यावर फुलपाखराचं जीवनचक्र काढलं होतं. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. चार चित्रं, चार बाण, पाच गुण. बाण उलटा काढला तर अर्धा गुण कापायचे. पण फळ्यावरची अळी गुबगुबीत असायची, एका स्वच्छ पानावर शिस्तीत बसलेली, आणि शेजारी तिचं नाव लिहिलेलं. इथे लिंबावर जे बसायचं त्याच्या शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ते सरांनी ओळखलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आणि दिवा जितका मोठा तितका अंधारही ऐसपैस.

मेच्या पहिल्या आठवड्यात टिकली आली. हातात बॅग, पाठीला सॅक, आणि दारातूनच प्रश्न, "कुठायत?"

सर तिला मागे घेऊन गेले. फुलं बघून ती खूश झाली हे खरं. पाट्याही तिने वाचल्या. मग कमरेवर हात ठेवून दहा मिनिटं उभी राहिली. एक फुलपाखरू आलं. लिंबावर बसलं. गेलं.

"एक," टिकली म्हणाली.

"उन्हामुळे," सर म्हणाले. "संध्याकाळी बघ."

संध्याकाळी एकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ढग असल्यामुळे नव्हती. तिसऱ्या दिवशी ढग नसल्यामुळे नव्हती. तोवर टिकलीला कुंपणाच्या तारेतलं भोक सापडलं होतं, आणि ती पलीकडच्या रानात शिरून टेलरबाईंच्या खिडकीखाली तासन्तास बसायला लागली होती. परत यायची ती केसांत गवत आणि फ्रॉकला कुसळं घेऊन, आणि तोंडाने आकडे सांगत. "आज अकरा. आज चौदा आणि एक निळं." सर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ऐकायचे. चौथा दिवस उजाडायचा होता, आणि मागच्या वर्षीचा चौथा दिवस त्यांना चांगला आठवत होता.

म्हणून त्या चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटचा उपाय केला. आपलं कर्तृत्व नातीला दाखवायचं. फुलपाखरं नसतील, पण आजोबा बागेसाठी किती राबतात हे तरी कळू दे. सहा वाजता तिला उठवून त्यांनी लिंबाजवळ नेलं. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात डबा, काखेत वही.

"ही कीड," सर म्हणाले. "ही काढली नाही तर झाड मरतं. हे बघ."

पानावर बोटाएवढी हिरवीगार अळी होती. कधी नव्हे ती शिस्तीत, पानाच्या मध्यावर, डोकं वर करून बसलेली.

टिकली वाकली. "आजोबा, ह्यांचीच तर फुलपाखरं होतात."

"कोण म्हणतं?"

"टेलरमावशी. तिच्या लिंबावर पण अशाच आहेत. ती म्हणते, आधी चिमणीच्या शीसारख्या असतात, मग हिरव्या होतात, मग कोष करतात. ती कधीच काढत नाही. तिला वेळच नाही."

सरांनी अळीकडे बघितलं. हिरवं पान, मधोमध अळी. शेजारी फक्त नाव लिहायचं बाकी होतं. काखेतल्या वहीचं वजन एकदम वाढल्यासारखं झालं. ती काळी-पिवळी फुलपाखरं लिंबाभोवती का घुटमळत होती, तेही त्याच क्षणी लख्ख कळलं. ती अंडी घालायला येत होती. आणि त्यातून निघालेल्या अळ्या काढायला सर चिमटा घेऊन येत होते. सहा आठवडे. एकही दिवस न चुकता.

माणूस अशा वेळी दोन गोष्टी करू शकतो. सरांनी सोपी केली.

"नाही, नाही," ते म्हणाले. "ही वेगळी जात. दिसते तशीच, पण ही नुसती कीड. टेलरबाई कपडे शिवतात, बाळा. विज्ञान मी शिकवलंय."

टिकलीने त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच मान डोलावली. तिला पटलं. तिच्या लेखी आजोबा कंटाळवाणे असतील, पण चुकीचे असतील हे तिच्या डोक्यातही आलं नाही. सरांनी सुटकेचा श्वास सोडला.

"मग मी काढू?" टिकलीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या हातातला चिमटा घेतला.

तिने अळी अगदी अलगद धरली. अळीने डोक्यातून नारिंगी शिंगं काढली. तो उग्र वास आला. टिकलीने नाक मुरडलं, पण हात हलू दिला नाही. नीट, शहाण्या मुलीसारखं तिने चिमटा डब्यावर आणला. साबणाच्या पाण्यावर फेस होता. अळी हवेत वळवळत होती. "नक्की ना, आजोबा?" ती म्हणाली. "ही वेगळी ना?"

सरांना वाटलं, आता गप्प राहिलं तर काही होणार नाही. एकशे बासष्ट गेल्या, त्यात एक. कुणाला कळणार? सिस्टर बोलणार नाही. टेलरबाईंना वेळ नाही. नातीच्या नजरेतले सर सरच राहतील. फक्त ही पोरगी आपल्या शब्दावर एक फुलपाखरू बुडवेल आणि पुढे कधीतरी, शाळेत पाच गुणांचा प्रश्न आला की तिला ते कळेल.

"थांब," सर म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "ठेव ती. परत पानावर ठेव."

"का?"

"ही वेगळी नाही. तीच आहे. मी चुकलो."

टिकलीने आधी अळी पानावर ठेवली. मग चिमटा खाली ठेवला. मग सरांकडे बघितलं. "पण तुम्ही आत्ता म्हणालात."

"खोटं बोललो."

"मग रोज तुम्ही काय काढत होतात?"

सरांनी काखेतली वही तिच्यापुढे धरली. तिने वही उघडली. आकडे तिला वाचता येत होते, आणि सरांचं अक्षर तर नेहमीच सुवाच्य. पान उलटत ती शेवटच्या बेरजेपर्यंत गेली.

"एकशे बासष्ट," ती म्हणाली. डोळे भरले, पण तिने पाणी पडू दिलं नाही. "आजोबा, तुम्ही सर होतात ना?"

बत्तीस वर्षांत इतका अवघड प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

ती आत गेली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज येत होता, आजीला सगळं सांगताना. सिस्टर मध्ये एकदाही "हं" म्हणाली नाही. मग फोन लागला. "आई, मला न्यायला ये. आजोबांनी एकशे बासष्ट फुलपाखरं मारली." पलीकडून लेक काय बोलली ते सरांना ऐकू आलं नाही. त्यांनी डब्यातलं साबणाचं पाणी मोरीत ओतलं, डबा तीन वेळा धुतला, आणि चिमटा माळ्यावर टाकला.

लेक रविवारी येणार होती. मधले तीन दिवस टिकली घरात वावरली, जेवली, आजीशी बोलली, आणि सरांना फक्त "जरा सरका" एवढंच म्हणाली. सरांनी त्या तीन दिवसांत कुणालाही काही शिकवलं नाही. दूधवाल्याने चौकशी केली, बरं नाही का म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी सर बाहेर पायरीवर बसलेले असताना सिस्टर शेजारी येऊन बसली. भेंड्या निवडत होती.

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो," सर म्हणाले. "तू म्हटलं होतंस."

सिस्टरने भेंडी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. संसारात हे उत्तर तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

रविवारी लेक आली. चहा झाला. टिकलीची बॅग दारात तयार होती, सॅक पाठीला होती. सरांनी बॅग उचलायला हात पुढे केला. एवढं तरी करावं म्हणून.

"थांबा," टिकली म्हणाली आणि मागच्या दाराने अंगणात पळाली. परत आली तेव्हा धापा टाकत होती. "पाच आहेत. पाच अळ्या उरल्यात. आणि एकीने कोष केलाय. म्हणजे सहा."

"बरं," लेक म्हणाली. "चल आता, ऊन व्हायच्या आत निघू."

"मी नाही येत."

"अगं, तूच म्हणालीस ना ने म्हणून? तीन फोन केलेस."

"हो, पण मी गेले की आजोबा परत सुरू करतील. त्यांना सवय आहे. सहा वाजता उठतात." टिकलीने सॅक काढून खुर्चीवर ठेवली. "ती सगळी उडून जाईपर्यंत मला इथे थांबायला लागणार. लक्ष ठेवायला."

लेकीने वडिलांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही परत करणार आहात का असं?"

सरांनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. नाही, पुन्हा कधीच नाही, शपथेवर सांगतो. ते सांगितलं असतं तर टिकलीने त्यांच्यावर विश्वास ठेवला असता, सॅक पाठीला लावली असती आणि गाडीत जाऊन बसली असती. खरं बोलून एकदा काय मिळतं ते त्यांनी याच आठवड्यात बघितलं होतं.

"काय सांगावं," सर म्हणाले. "सवय वाईट असते."

"बघितलंस?" टिकली आईला म्हणाली.

सिस्टर तोंडाला पदर लावून लगबगीने आत गेली. लेकीने दारातली बॅग परत आत सरकवली आणि ती एकटीच गाडीकडे निघाली.

टिकलीने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत ओढत अंगणात नेलं आणि लिंबाखाली मांडलं. सर तिच्या मागे मागे गेले. पानावरची हिरवी अळी अजून खात होती. ती नीट दिसावी म्हणून सर जरा पुढे वाकले.

"आजोबा, हात मागे."

सरांनी मुकाट्याने हात मागे घेतले.